बेस गिटारसाठी फझ घ्यावा की डिस्टॉर्शन? गिटारचा पेडल बेसला चालतो का?

फझ आणि डिस्टॉर्शन म्हणजे आवाजात खरखर आणणारे, पायाने दाबून चालू-बंद करायचे पेडल. गिटारचा पेडल बेसला चालतो, बिघडत काही नाही. पण बहुतेक वेळा आवाजाचा तळ गायब होतो. बेसची जाड ई तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते आणि गिटारचे बरेच पेडल तो खालचा भाग मुद्दाम छाटतात. घरी एकट्याने वाजवताना भारी वाटतं. ड्रम सुरू झाले की बेस आहे कुठे, असं होतं.

म्हणून पेडलवर आधी ब्लेंडचं बटण शोधा. त्याने मूळ स्वच्छ आवाज खाली तसाच राहतो आणि वर खरखर मिसळते. बॉस कंपनीच्या ओडीबी-३ या पेडलवर त्यालाच बॅलन्स म्हटलंय. बेस बिग मफ या फझ पेडलवर त्यासाठी ड्राय (म्हणजे मूळ स्वच्छ आवाजाचा) स्विच आहे.

फझ की डिस्टॉर्शन? फझ सूर लांबवतो, पण बोटांचा जोर-हलकेपणा सपाट करून टाकतो. संथ, जड रिफला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धूनला) मस्त. भराभर वाजवत असाल तर त्याचा चिखल होतो, तिथे डिस्टॉर्शन किंवा नुसता ओव्हरड्राइव्ह (त्याहून सौम्य खरखर देणारा पेडल) बरा. पहिलाच पेडल असेल तर मी ओव्हरड्राइव्हच घेईन.

आणि गेन (खरखर कमी-जास्त करायचं बटण) तुम्हाला हवासा वाटतो त्याच्या निम्माच ठेवा. दोन तारा एकत्र छेडून बघा, नुसती गुरगुर ऐकू आली तर अजून कमी करा.