आराखड्यातला नाला आमच्या प्लॉटमधून, जागेवरचा नाला शेजारी

प्रश्न: आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत राहतो. सासऱ्यांनी २००८ साली मंजूर रेखांकनातला ११ गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट घेतला, तो आता माझ्या आणि मिस्टरांच्या नावावर आहे. नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या प्रारूप विकास आराखड्यात आमच्या प्लॉटच्या मधोमध नाला दाखवलाय. प्रत्यक्षात नाला शेजारच्या प्लॉटच्या पलीकडे आहे, आमच्या प्लॉटच्या मध्यापासून साधारण ४० मीटरवर. चौकशी केली तर "हा सरकारी टोपोशीटवरून घेतलाय, चुकायचा प्रश्नच नाही" असं सांगितलं. आराखड्याच्या कोपऱ्यात प्रमाण १:५,००० आणि आधार म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा असं लिहिलंय. दीर म्हणतात, दिवाणी कोर्टातून स्टे घ्या. हरकतीची मुदत १९ दिवस उरली आहे. पावसाळ्यात प्लॉटच्या मधल्या पट्ट्यात दोन-तीन दिवस पाणी उभं राहतं, एवढं खरं. घरासाठी कर्जाची बोलणी चालू आहेत. काय करावं? – एक शिक्षिका

उत्तर: ताई, आधी दिरांचा स्टे बाजूला ठेवा. आराखडा अजून प्रारूप आहे आणि त्यातली चूक काढायची जागा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्येच ठरवून दिलेली आहे. कलम २६ खाली आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती मागवल्या जातात. कलम २८ खाली नियोजन समिती त्या हरकती ऐकते आणि अहवाल देते. ही वाट मोकळी असताना दिवाणी दावा लावलात तर पहिली तारीख पडेपर्यंत तुमचे १९ दिवस निघून जातील. शिवाय या कायद्याचं कलम १४९ दिवाणी कोर्टाची वाट बऱ्याच अंशी बंद करतं. तुमचे दिवस आणि पैसे दोन्ही हरकतीवरच खर्च व्हायला हवेत.

"सरकारी नकाशा चुकत नाही" या उत्तराला अर्धा आधार आहे, म्हणून ते नीट समजून घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ८२ प्रमाणे सरकारच्या अधिकाराने तयार झालेला नकाशा अचूक आहे असं न्यायालय गृहीत धरतं. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम ८३ होतं. पण गृहीत धरणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. उलट पुरावा आला की ते गृहीतक खाली बसतं. आणि नकाशा अचूक आहे म्हणजे तो कशासाठी अचूक आहे, हा प्रश्न उरतोच. टोपोशीट म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा; तो डोंगर, ओढे, रस्ते, वस्त्या आणि उंचसखलपणा दाखवण्यासाठी काढतात. कोणाच्या प्लॉटची हद्द कुठे, हे सांगणं त्याचं काम नाही आणि तसा त्याचा दावाही नाही.

आता पट्टी घ्या. १:५०,००० म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. तुमचे ११ गुंठे म्हणजे सुमारे १,११० चौरस मीटर, समजा २८ बाय ४० मीटर. त्या टोपोशीटवर तुमचा अख्खा प्लॉट अर्धा-पाऊण मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याएवढा भरतो. नाल्याची निळी रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तरी तिची रुंदी जमिनीवर २५ मीटर होते, म्हणजे जवळजवळ तुमच्या प्लॉटच्या रुंदीइतकी. आणि तुमच्या तक्रारीतले ४० मीटर त्या कागदावर एक मिलिमीटरसुद्धा नाहीत. एवढं अंतर त्या नकाशात चुकलेलं नाही, ते त्यात मावतच नाही. चूक झाली ती हा नकाशा दहापट मोठा करून १:५,००० च्या आराखड्याखाली ठेवला तेव्हा. मोठं केल्याने रेघ रुंद होते, नेमकी होत नाही. समोच्च रेषांचंही, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांचंही, तेच: त्या नकाशावर त्या बहुधा २० मीटरच्या अंतराने असतात, तुमच्या प्लॉटमधला दोन फुटांचा उतार त्यांत दिसणार कसा? प्लॉटच्या पातळीवर बघायचं तर १:२,००० सारखे मोठ्या प्रमाणाचे नकाशे लागतात ते याचसाठी. तिथे एक मिलिमीटर म्हणजे फक्त दोन मीटर.

हा हिशेब हरकतीत असाच, आकड्यांसह लिहा. "नकाशा चुकीचा आहे" एवढं एक वाक्य लिहिलेल्या हरकती मी सुनावणीत दोन मिनिटांत निकाली निघताना पाहिल्यात. मागे एका अशिलाच्या सुनावणीला मी टोपोशीटचा तेवढाच तुकडा आणि मोजणीचा नकाशा शेजारी शेजारी ठेवला, आणि समितीतल्या एका अभियंत्याच्या हातात पट्टी दिली. त्याने स्वतः मोजलं. पुढचं मला फारसं बोलावं लागलं नाही.

पण प्रमाणाचा हिशेब फक्त शंका उभी करतो. नाला नक्की कुठे आहे हे तुम्हाला दाखवावं लागेल, आणि ते सातबाऱ्याने किंवा प्रॉपर्टी कार्डाने होणार नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून मूळ गटाचा गाव नकाशा आणि टिपण यांच्या प्रमाणित नकला काढा. टिपण, म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी काढलेला कच्चा नकाशा, हा फार मोलाचा कागद. ते प्रमाणात काढलेलं नसतं, पण बांधांची मापं साखळी आणि आण्यांत आकड्यांनी लिहिलेली असतात. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. रेघ फुगते, आकडा फुगत नाही. मूळ मोजणीच्या वेळी तुमच्या जागेतून ओढा जात असेल तर त्याची खूण तिथे सापडायला हवी. सोबत बिगरशेती होण्याआधीचा जुना सातबारा काढा आणि पोटखराब्याची, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीची, नोंद बघा. लोकांच्या वापरातल्या ओढ्याखालची जमीन पोटखराबा वर्ग 'ब' मध्ये जाते. तशी नोंद नसेल तर ते तुमच्या बाजूचं. आणि २००८ च्या आधीचा मंजूर रेखांकनाचा नकाशा विसरू नका. त्यात नाला कडेला दाखवलेला असेल तर ती सरकारी यंत्रणेनेच मान्य केलेली जागा आहे.

मोजणीचा अर्ज उद्याच टाका. १९ दिवसांत मोजणी होऊन 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात पडेल याची आशा धरू नका, द्रुतगती शुल्क भरलं तरी. पैसे भरल्याची पावती हरकतीला जोडा आणि "मोजणीचा नकाशा सुनावणीत सादर करू द्यावा" अशी विनंती त्यात लिहा. अर्जात फक्त हद्द कायम करा असं न म्हणता नाल्याचं जागेवरचं स्थानही दाखवा असं स्पष्ट मागा, नाहीतर भूकरमापक चार कोपरे दाखवून जाईल. खासगी सर्व्हेअरकडून मोजून घ्यायला हरकत नाही, पण कलम ८२ चाच दुसरा भाग असा आहे की वादासाठी मुद्दाम बनवलेला नकाशा अचूक असल्याचं सिद्ध करावं लागतं. तो नकाशा आधाराला ठेवा, त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

शेजाऱ्यांकडेही एक चक्कर टाका. आराखड्यात त्यांची विहीर, देऊळ, जुना रस्ता जागेवर आहेत का बघा. सगळंच एका दिशेला सारखं सरकलं असेल तर नकाशा बसवतानाच चूक झाली आहे. जुन्या टोपोशीटची अक्षांश-रेखांशाची पद्धत आणि आजची जीपीएसची पद्धत वेगळी. रूपांतर नीट झालं नाही तर महाराष्ट्रात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. तुमचा फरक त्याहून कमी आहे, तरी तपासा. चूक सगळ्यांची असेल तर हरकत दहा जणांची जाऊ द्या.

आता तुमच्या पत्रातलं मला खटकलेलं वाक्य. मधल्या पट्ट्यात दोन-तीन दिवस पाणी उभं राहतं. ताई, हे लपवू नका, आधी स्वतः शोधा. नुसता सखल भाग असेल तर उत्तर भरावात आणि निचऱ्यात आहे. पण नाला पूर्वी तिथूनच वाहत असेल आणि रेखांकन करताना कुणी तो वळवून कडेला नेला असेल, तर टोपोशीटची जाड रेघ खरं बोलत असेल. वस्तीतल्या सत्तरीपुढच्या दोन माणसांना विचारा. टोपोशीटवर सर्वेक्षणाचं साल असतं, ते २००८ च्या कितीतरी आधीचं आहे का बघा. हे नकाशे सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात पूर आलेल्या आंबिल ओढ्याने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही, आणि तुमची मुलं त्या घरात झोपणार आहेत. नाला खरंच तिथून वळवलेला निघाला तर हरकतीचा सूर बदला: नाला पुसा असं न म्हणता, आज तो जिथे आणि जसा वाहतो त्याची तांत्रिक पाहणी करून पुरेशा रुंदीची आखणी करा, असं मागा. तशी मागणी टिकते.

प्रारूप आराखडा म्हणजे जमीन सरकारजमा झाली असं नाही; मालकी तुमचीच आहे. पण नगररचना अधिनियमाच्या कलम ४६ प्रमाणे बांधकाम परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचाही विचार करावा लागतो, म्हणून आज अर्ज केलात तर बहुधा अडेल. लेखी नकार आलाच तर कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं, ती तारीख सांभाळा. आराखडा चुकीसकट मंजूर झाला तर कलम ३७ चा फेरबदल उरतो, पण त्यात वर्षं जातात. उच्च न्यायालय त्याच्याही नंतर. बँकेला झोन दाखला आणि भाग नकाशा लागणारच आहे, तेव्हा आराखड्याचं त्यांना आजच सांगा आणि हरकतीचा निर्णय होईपर्यंत बिल्डरला आगाऊ रक्कम देऊ नका.

हरकत दोन प्रतींत द्या, दोघांच्या सह्यांनी, गट आणि प्लॉट नंबरासह. "समक्ष सुनावणी द्यावी" हे शब्द लिहायला विसरू नका. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का तुमच्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.