सेल्समध्ये नवीन आहे. ओळखी होतात पण टिकत नाहीत, त्या कशा सांभाळायच्या? आणि समोरचा आपल्याला गुंडाळतोय हे कसं ओळखायचं?

सोळा वर्षं भोसरी-चाकणला कटिंग टूल्स विकतोय, त्यामुळे उत्तर तिथलंच देतो.

माझ्या फोनमध्ये एकोणीस पाटील आहेत. म्हणून नुसतं नाव मी कधीच सेव्ह करत नाही. 'पाटील पर्चेस चाकण ब्रेकड्रम' असं करतो. भेट झाली की गाडीला किक मारायच्या आधी दोन ओळी लिहायच्या: कुठलं मशीन, कशाची बोंब, मुलगी दहावीला. रात्री लिहू म्हटलं की गेलंच. व्हिजिटिंग कार्डांचा माझा गठ्ठा तर रबर वितळून एकमेकांना चिकटलाय.

रोजचे गुड मॉर्निंग कृपया नकोत. वर्षातून दोनदा, त्याच्या कामाचं काही हाती लागलं तर फोन करा. आणि लांबच्या ओळखी सोडू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी लागलेल्यांना विचारलं होतं, की ती खबर देणारा तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटणारे १७ टक्केही नव्हते, बाकी सगळे अधूनमधून नाहीतर क्वचित भेटणारे. हे त्याने १९७३ मध्ये छापलं. जवळच्या माणसाला आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं ना! माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आलं ते नोकरी बदलून रांजणगावला गेलेल्या एका स्टोअरकीपरमुळे. पर्चेसवाल्याच्या मागे सगळेच असतात, स्टोअरवाल्याला चहा कोण विचारतो?

आता गुंडाळण्याचं. १९७१ मध्ये डेनिस रीगन या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. सोबतचा माणूस न मागता कोका-कोलाची बाटली आणून देतो आणि थोड्या वेळाने लॉटरीची तिकिटं घ्यायला सांगतो. बाटली मिळालेल्यांनी जवळजवळ दुप्पट तिकिटं घेतली. तो आवडला की नाही, याने फारसा फरक पडला नाही. फुकटाचं ओझं होतं.

माझ्यावर हे काजूकतलीने झालं. एका सप्लायरने दिवाळीला दोन किलोचा बॉक्स घरी पाठवला, आणि आठवड्याने फोन: 'उद्यापासून रेट वाढतोय, शेवटचे शंभर बॉक्स राहिलेत.' घेतले. त्यातले चाळीसेक इन्सर्टचे (टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्यांचे) बॉक्स अजून कपाटात आहेत.

तेव्हापासून कोणी घाई केली की म्हणतो, 'पार्टनरला विचारून उद्या सांगतो.' मला पार्टनर नाही. पण दुसऱ्या दिवशी रेट बहुतेक वेळा तोच असतो.