आयडी सॉफ्टवेअर ही गेम कंपनी कशी उभी राहिली? बेळगावसारख्या गावातून असं काही जमू शकतं का?

या कंपनीचा इतिहास सगळे डूम या तिच्या गाजलेल्या गोळीबाराच्या गेमपासून सांगतात. मी डेव्हपासून सांगणार. होय, तोच डेंजरस डेव्ह, जुन्या पीसीवरचा उड्या मारत चषक गाठायचा गेम.

टिळकवाडीतल्या ज्या क्लासात आम्ही एमएस ऑफिस शिकायला जायचो, तिथल्या प्रत्येक पीसीवर तो कुठल्यातरी आडनिड्या फोल्डरात लपवलेला असायचा. एकानं बाण दाबायचे, दुसऱ्यानं कंट्रोल आणि आल्ट. चषक हाती आला की खाली 'गो थ्रू द डोअर' उमटायचं आणि नेमके तेव्हाच सर मागं येऊन उभे. "पैसे भरून हे शिकालास काय रे?"

पुढं डिग्रीला असताना शहापूरच्या घरी, सेकंडहँड पीसीवर, मी टर्बो सी या प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये तसाच गेम लिहायला घेतला. मागच्या गल्लीत मागांची खडखड, आणि माझा डेव्ह म्हणजे एक वर्तुळ आणि चार रेघा. एक पाऊल पुढं टाकलं की अख्खा स्क्रीन लुकलुकायचा. कारण साधं होतं: प्रत्येक पावलाला सगळं पुसून सगळं पुन्हा काढावं लागायचं. गणपतीला दाजी आले होते, नुकतेच उद्यमबागेतली फाउंड्री सोडून पुण्याजवळ भोसरीला लागलेले. दोन मिनिटं स्क्रीनकडं बघितलं आणि आईसमोर म्हणाले, "असलं काही बेळगावात बसून होत नसतंय. पुण्याला पाठवा याला." तेव्हापासून दर गणपतीला आरती झाली की हाच विषय.

आता ऐका. डेव्ह लिहिणारा जॉन रोमेरो. आधी १९८८ मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी, मग डॉसवर चालणाऱ्या पीसीसाठी. तो नोकरीला होता श्रेव्हपोर्टमध्ये, अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातलं हे गाव, सिलिकॉन व्हॅलीपासून हजारो किलोमीटर लांब. कंपनी सॉफ्टडिस्क. ती फ्लॉपीवरचं मासिक काढायची आणि वर्गणीदारांना पोस्टानं पाठवायची. जॉन कारमॅक, टॉम हॉल, एड्रियन कारमॅक हे आयडी काढणारे बाकीचे तिघं तिथलेच.

सप्टेंबर १९९० मध्ये जॉन कारमॅकसमोर माझ्यासारखीच अडचण होती. त्या काळच्या पीसीला अख्खा स्क्रीन झपाट्यानं पुन्हा काढणं झेपत नव्हतं, म्हणून मारिओसारखा सलग सरकणारा गेम त्यावर होत नव्हता. त्यानं काय केलं, तर जेवढे चौकोन बदलले तेवढेच पुन्हा काढायचे. पोपडा निघाला तिथंच चुन्याचा हात मारावा, तसं. एका रात्रीत त्यानं आणि हॉलनं सुपर मारिओ ब्रदर्स ३ ची पहिली लेव्हल पीसीवर उतरवली, मारिओच्या जागी डेव्ह घातला आणि फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून दिली. मारिओ काढणाऱ्या निन्टेन्डोला नमुना दाखवला, त्यांनी नको म्हटलं.

मग स्कॉट मिलर, अपोजी ही गेम विकणारी कंपनी चालवणारा. या माणसाला रोमेरोकडून गेम हवे होते, पण कंपनीत येणारी पत्रं आधी तपासली जात. म्हणून तो वेगवेगळ्या नावांनी चाहत्याची पत्रं लिहायचा. रोमेरोनं ती कौतुकानं भिंतीवर लावली, आणि एक दिवस लक्षात आलं की सगळ्यांवर पत्ता एकच! मिलरची पद्धत अशी, की पहिला भाग फुकट वाटायचा आणि पुढचे पैसे पाठवून मागवायचे. शनिवार-रविवारी ऑफिसचे कॉम्प्युटर गाडीत घालून तळ्याकाठच्या घरी न्यायचे, असं करत मिलरसाठी कमांडर कीन हा गेम तयार झाला, डिसेंबर १९९० मध्ये बाहेर पडला. पहिला चेक १०,५०० डॉलरचा. १ फेब्रुवारी १९९१ ला आयडी सॉफ्टवेअर स्थापन झाली.

पुढचं कुठंही वाचायला मिळेल: वुल्फेनस्टाइन ३डी १९९२, डूम डिसेंबर १९९३, क्वेक १९९६, त्याच वर्षी रोमेरो बाहेर. २००९ मध्ये कंपनी झेनीमॅक्स या दुसऱ्या गेम कंपनीकडं गेली, २०२१ मध्ये झेनीमॅक्ससकट मायक्रोसॉफ्टकडं. जॉन कारमॅक २०१३ लाच निघून गेला होता.

दाजी हे वाचतील तर म्हणतील, "पण तेही गाव सोडून गेलेच की." गेले. आधी विस्कॉन्सिन राज्यातलं मॅडिसन, मग टेक्सासमधलं मेस्किट. पण गेम चालल्यावर गेले, चालावा म्हणून नाही. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नव्हता, हेही एक कारण होतं. हिशेब होता तो. आणि कंपनी सोडल्यावर रोमेरोनं मोठ्या शहरात, डॅलसमध्ये, मोठ्या थाटात ऑफिस उघडलं. त्यातून २००० साली आलेला डायकाटाना हा गेम आपटला, हेही सांगून ठेवतो.

बेळगावात जमेल का? कोड लिहिणारी पोरं इथं ढिगानं आहेत, व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या विद्यापीठाचं, मुख्यालयच इथं जवळ मच्छ्याला आहे. पण एका खोलीत बसून दोन-दोन महिन्यांत एकेक गेम संपवणारे चौघं मला इथं अजून दिसले नाहीत. सॉफ्टडिस्कनं त्यांना ती सवय लावली, ठरल्या तारखेला गेम गेलाच पाहिजे. मी शहापुरातूनच लोकांसाठी मोबाइलचे लहान गेम करून देतो, पोट भरतं. स्वतःची कंपनी म्हणाल तर नाही. तुम्हाला काढायची असेल तर आधी चित्रं काढणारा माणूस शोधा, तो मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आणि डूमचा सोर्स कोड, म्हणजे तो गेम ज्यात लिहिला तो मूळ प्रोग्रॅम, १९९७ पासून खुला आहे, तो वाचा. त्यासाठी भोसरीला जावं लागत नाही.