वाचकांचे प्रश्न : अ‍ॅपवरचे काम, कायदा आणि कामगाराचा हक्क

प्रश्न : माझा मुलगा एका कंपनीच्या अ‍ॅपवरून घरपोच जेवण पोहोचवण्याचे काम करतो. मध्यंतरी त्याचा आयडी अचानक ब्लॉक झाला. कारण विचारले तर अ‍ॅपमधून एकच ठरावीक उत्तर येते आणि बोलायला माणूस भेटत नाही. मोटारसायकलचे हप्ते मात्र चालू आहेत. कंपनी म्हणते की तो नोकर नाही, ‘पार्टनर’ आहे. मग त्याने दाद मागायची कोणाकडे?
— एक वडील, नाशिक

उत्तर : आधी कायद्याची आजची स्थिती स्पष्ट सांगतो, कारण आपल्याला खोटी आशा दाखवणे योग्य होणार नाही. केंद्राच्या चार कामगार संहिता (कामगारविषयक एकत्रित कायदे) २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांपैकी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ (नेहमीच्या नोकरीबाहेर सुटी कामे करणारे) आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ (अ‍ॅपसारख्या ऑनलाइन मंचावरून काम मिळणारे) यांना प्रथमच केंद्रीय कायद्यात स्थान मिळाले. परंतु ते देतानाच हे काम पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेरचे आहे, असे व्याख्येत लिहून टाकले गेले. त्यामुळे अपघात विमा, आरोग्य, वृद्धापकाळ अशा योजनांची तरतूद झाली, पण किमान वेतन, कामाचे तास आणि काम बंद करण्यापूर्वीची नोटीस याबाबत संहितेने या कामगारांना काहीच दिले नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात मात्र काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस देणे कंपनीवर बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तसा कायदा अद्याप झालेला नाही आणि आपल्या मुलाची कोंडी झाली आहे ती नेमकी येथेच.

तरीही ‘पार्टनर’ हा शब्द कंपनीने करारात लिहिला म्हणून प्रश्न मिटला, असे मी मानत नाही. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा खटला आला होता. तेथील शिंप्यांना नगावर मजुरी मिळत असे, त्यांच्या येण्या-जाण्याची वेळ ठरलेली नव्हती, काही जण कापड घरी नेऊन शिवत आणि दुसऱ्याचे काम करण्यासही त्यांना मुभा होती. एवढे स्वातंत्र्य असणारे लोक नोकर कसे, असा मालकाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला, कारण शिवण पसंत न पडल्यास ती उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा आणि न ऐकल्यास पुढचे काम न देण्याचा अधिकार मालकाच्या हाती होता. आज ‘हवे तेव्हा लॉग-इन करा’ असे सांगून जे स्वातंत्र्य पुढे केले जाते, ते त्या शिंप्यांनाही होतेच. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांबाबत निकाल देताना हीच दिशा धरली. भाडे कंपनी ठरवते, कराराच्या अटी तीच लिहिते, फेऱ्या नाकारणाऱ्याला तीच शिक्षा करते आणि रेटिंगवरून चालकाला बाहेरही तीच काढते. तेव्हा चालक हा स्वतंत्र व्यावसायिक नसून कामगार आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. माझे मत असे की ज्याला एका क्षणात आयडी बंद करता येतो, तो केवळ मध्यस्थ असू शकत नाही.

आता प्रत्यक्ष करण्याच्या गोष्टी. आयडी पूर्णपणे बंद होऊन जुनी माहिती दिसेनाशी होण्याआधी मुलाने कमाईचे साप्ताहिक हिशेब, रेटिंग, अ‍ॅपवरील संभाषण आणि बंदीचा संदेश यांचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवावेत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलने कारण विचारावे आणि त्या ई-मेलची प्रत जोडून कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. या अर्जाने आयडी लगेच सुरू होईलच असे नाही. पण पुढे वाद न्यायाधिकरणात गेल्यास पहिला विचारला जाणारा प्रश्न ‘आपण केव्हा आणि कोणाकडे तक्रार केली’ हाच असतो. शहरात अशा कामगारांची संघटना असल्यास तिच्यामार्फत जावे, कारण एकट्याच्या अर्जाकडे दुर्लक्ष करणे फार सोपे असते.

प्रश्न : मी तुर्भ्याच्या बाजारातून निवृत्त झालेला माथाडी कामगार आहे. आम्हीही दिवसभरात अनेक व्यापाऱ्यांचा माल उचलत होतो, आमचाही एक मालक नव्हता; तरी आम्हाला फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना मिळाला. मोटारसायकलवरून माल पोहोचवणाऱ्या या पोरांना तसे बोर्ड का मिळत नाही?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आपला प्रश्न मला या वेळच्या सर्व पत्रांत सर्वांत मोलाचा वाटला, कारण ‘तंत्रज्ञान नवे आहे, कायदा त्याला पुरा पडत नाही’ या नेहमीच्या सबबीला त्यात परस्पर उत्तर आहे.

ज्या वाचकांना ही व्यवस्था ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या गोदीत आणि घाऊक बाजारांत पाठीवर माल वाहणारा हमाल सकाळी एका पेढीचे पोते उचलत असे आणि दुपारी दुसऱ्या पेढीचे. तो नेमका कोणाचा नोकर, हे ठरत नसल्यामुळे प्रत्येक व्यापारी हात वर करत असे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हे कामगार संघटित झाले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याने मालक शोधण्याचा खटाटोपच बाजूला ठेवला. माल ज्याचा उचलला गेला त्याने मजुरी आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही (वर्गणी) या कायद्याखालील माथाडी बोर्डात भरायची. बोर्डाने कामगाराला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा आणि औषधोपचार यांची सोय करायची, अशी ही रचना आहे. व्यापारी कितीही असोत, टोळी आज येथे आणि उद्या तेथे असो, कामगाराचे खाते बोर्डात एकच राहते. याच धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही कायदा झाला.

या व्यवस्थेत दोष शिरले, हेही मान्य केले पाहिजे. काम न करता वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) मागणारे, माथाडींच्या नावावर खंडणी उकळणारे लोक निर्माण झाले आणि त्यांच्यामुळे खऱ्या कष्टकऱ्याचे नाव खराब झाले. परंतु हा दोष उद्भवतो तो कोणी किती पोती उचलली याची खात्रीलायक नोंद नसते म्हणून. अ‍ॅपवरच्या कामात तर प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक किलोमीटर आणि प्रत्येक रुपया आपोआप नोंदला जातो. ज्या तंत्रज्ञानाने कंपनीला ग्राहकाकडून सेकंदात पैसे घेता येतात, त्याच तंत्रज्ञानाने त्याच सेकंदात कामगाराच्या खात्यात लेव्ही वळती करता येईल. राजस्थानने २०२३ मध्ये देशातला असा पहिला कायदा करताना प्रत्येक व्यवहारावर शुल्क आणि त्यावर देखरेख करणारी मध्यवर्ती संगणक यंत्रणा यांची कल्पना मांडली. कर्नाटकाने कामगाराला दिल्या जाणाऱ्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क ठेवले. माथाडी कायदा ज्या राज्यात जन्माला आला, त्या महाराष्ट्राने यात मागे राहावे, याचे मला मनापासून दुःख आहे.

रकमेविषयीही बोलायला हवे. केंद्राच्या संहितेनुसार कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत द्यायची असून ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, अशी मर्यादा आहे. म्हणजे एखाद्या मुलाला महिन्याला २०,००० रुपये मिळत असतील, तर त्याच्यामागे कंपनीने द्यायची रक्कम जास्तीत जास्त १,००० रुपये होते. त्या एवढ्या रकमेतून अपघात, आजारपण, बाळंतपण आणि म्हातारपण हे सगळे भागवायचे आहे. नियमित नोकराच्या केवळ भविष्यनिर्वाह निधीत मालक १२ टक्के भरतो, हे लक्षात घेतले तर ही तरतूद किती तोकडी आहे ते दिसेल. म्हणून नुसते ‘बोर्ड द्या’ असे न म्हणता, माथाडींच्या धर्तीवर पुरेशी लेव्ही बसवा आणि बोर्डावर कामगारांचे प्रतिनिधी घ्या, अशी मागणी व्हायला हवी. ती मागणी आपल्यासारख्या ज्येष्ठांनी या तरुणांच्या सभेत जाऊन मांडली, तर तिला वेगळे वजन येईल.

प्रश्न : मी हिंजवडीतील एका आयटी कंपनीत आहे आणि आठवड्यातले काही दिवस घरून काम करते. लॅपटॉपमधील एक सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने माझ्या पडद्याचे छायाचित्र घेते आणि रात्री उशिरापर्यंत कामाचे संदेश येत राहतात. कायद्याचे काही संरक्षण आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नवे साधन आले की कामाचा दिवस लांबतो, हा अनुभव मुंबईने यापूर्वी घेतला आहे. गिरण्यांमध्ये पूर्वी उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले, सूर्यास्ताचा अडसर उरला नाही आणि अनेक गिरण्यांत कामाचा दिवस १४-१५ तासांवर गेला. कामगारांत असंतोष उसळला, चौकशी समित्या नेमल्या गेल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला. त्याआधी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली होती. आपल्या हातातला फोन कामाच्या वेळेबाबत तेच करतो आहे जे त्या दिव्याने केले, आणि या खेपेसही मर्यादा आपणहून येणार नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला ९ तासांची मर्यादा होती; आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा १० तासांपर्यंत वाढवण्याचा निर्णय घेतला, ही माझ्या मते उलट्या दिशेची वाटचाल आहे. त्यातही व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदावरील व्यक्तींना हे संरक्षण नाही. म्हणून आपल्या पदनामात ‘मॅनेजर’ किंवा ‘लीड’ असे काही असल्यास प्रत्यक्षात आपल्या हाताखाली कोणी आहे का आणि रजा मंजूर करण्याचा अधिकार आपल्याला आहे का, याची नोंद ठेवावी. कारण अशा वादात पदाच्या नावापेक्षा कामाचे स्वरूप पाहिले जाते. कामाच्या वेळेनंतर संदेशांना उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी असे खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले) डिसेंबर २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. परंतु १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेले नाही, त्यामुळे सरकारने स्वतः पुढाकार घेतल्याशिवाय ते घडणे अवघड आहे.

पडद्याच्या छायाचित्रांबाबत अनेकांचा भरवसा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यावर आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. मात्र हा कायदा नीट वाचला तर निराशा होते. नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल, तर कलम ७ नुसार कर्मचाऱ्याची संमतीच लागत नाही. आणि आपली कोणती माहिती कंपनीकडे आहे हे विचारण्याचा कलम ११ मधील हक्क संमतीवर आधारलेला असल्याने तोही तेथे हाती लागत नाही. येथे नाशिकच्या वडिलांना उपयोगी पडेल असा एक मुद्दा निघतो. कंपनी जर ठामपणे म्हणत असेल की रायडर आमचा नोकर नाहीच, तर ‘नोकरीसाठी’ असलेली ही सवलत तिला कशी घेता येईल? तिला रायडरची संमती घ्यावीच लागेल आणि मग रायडरला स्वतःची माहिती मागण्याचा हक्कही द्यावा लागेल. हा युक्तिवाद न्यायालयात मांडण्याजोगा आहे, असे मला वाटते. आपण मात्र सध्या कंपनीकडे देखरेखीचे लेखी धोरण मागावे, आणि शक्य असल्यास सहकाऱ्यांसह एकत्रितपणे मागावे.

प्रश्न : मी लहान उद्योजक आहे. असे एकेक नियम लादत गेल्यास कंपन्या निघून जातील आणि बेकार तरुणांच्या हातचे हे कामही जाईल, याचा विचार आपण करत नाही.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ही भीती निराधार नाही. स्पेनने २०२१ मध्ये जेवण पोहोचवणाऱ्या रायडरांना नोकराचा दर्जा दिल्यावर डिलिव्हरू कंपनीने त्याच वर्षी तो देश सोडला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये निकालानंतर उबरने ७०,००० हून अधिक चालकांना किमान वेतन आणि भरपगारी सुटी देऊ केली आणि आपला धंदा तेथेच चालू ठेवला. तेव्हा परिणाम नियमांच्या स्वरूपावर आणि बाजाराच्या आकारावर अवलंबून असतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशातील गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होईल, असा अंदाज दिला आहे. एवढी मोठी बाजारपेठ कोणीही लेव्हीपोटी सहजासहजी सोडणार नाही. शिवाय आपल्यासारखा उद्योजक स्वतःच्या कामगारांचा फंड नियमित भरत असताना मोठ्या कंपनीला तो न भरण्याची मोकळीक मिळते, यात नुकसान प्रथम आपलेच होते, याकडेही आपण पाहावे अशी विनंती आहे.

प्रश्न : ई-श्रम नोंदणीचा या कामगारांना खरोखर उपयोग आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आहे, आणि ती करून ठेवावी. आधार क्रमांक आणि त्याला जोडलेला मोबाइल असल्यास ई-श्रम या केंद्राच्या असंघटित कामगारांसाठीच्या पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून विनामूल्य नोंदणी होते आणि १२ अंकी क्रमांक मिळतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या नोंदणीच्या आधारे ओळखपत्र आणि आयुष्मान भारत योजनेखाली आरोग्य संरक्षण देण्याची घोषणा झाली आहे. संहितेनुसार नोंदणीसाठी वयाची १६ वर्षे पूर्ण असावी लागतात. एकापेक्षा जास्त अ‍ॅपवर काम करत असल्यास प्रत्येक कंपनीकडे हाच क्रमांक नोंदवला आहे ना, याची खात्री करून घ्यावी.