खासगी रॉकेटचा तुकडा शेतात पडला तर भरपाई कोण देणार?

प्रश्न: २०२२ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडं आभाळातून धातूची मोठी रिंग पडली, ती चिनी रॉकेटची असं बोललं गेलं. आता तर खासगी कंपन्याच रॉकेट सोडायलेत. उद्या तसलं काही आमच्या गोठ्यावर पडलं तर कंपनी हात वर करणार अन् आम्ही कोर्टाच्या चकरा मारायच्या का?
– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर: दादा, कंपनी परदेशी असली तर तिच्या मागं तुम्हाला पळायची गरज नाही. १९६७ च्या अंतराळ कराराचं सहावं कलम सांगतं की खासगी कंपनीनं वर काहीही केलं तरी जबाबदारी तिच्या देशाची, परवानगी त्यानंच द्यायची अन् लक्षही त्यानंच ठेवायचं. भरपाईचा १९७२ चा वेगळा करार आहे, त्यात जमिनीवर नुकसान झालं तर चूक कुणाची हे सिद्धच करावं लागत नाही, फक्त मागणी भारत सरकारनं करायची अन् तीही एका वर्षाच्या आत. १९७८ मध्ये सोव्हिएत कॉसमॉस ९५४ उपग्रह अणुइंधनासकट कॅनडात कोसळला तेव्हा कॅनडानं ६० लाखाच्या वर डॉलर मागितले, १९८१ ला ३० लाखावर तडजोड झाली.

पण भानगड कंपनी आपलीच असली की सुरू होते. आपल्या देशाच्या रॉकेटनं आपल्याच माणसाचं नुकसान झालं तर १९७२ चा करार लागूच होत नाही, सातव्या कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. मग उरतो देशातला कायदा. स्कायरूट या आपल्या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट २०२२ ला श्रीहरिकोट्याहून उडालं, इन-स्पेस ही सरकारी संस्था अशा कंपन्यांना परवानग्या द्यायलीय, २०२३ ला अंतराळ धोरणपण आलं, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, अन् भरपाईचा हक्क सांगणारा स्वतंत्र अंतराळ कायदा संसदेनं अजून केलेला नाही. म्हणजे चिनी तुकड्यासाठी निदान करार तरी आहे, देशी तुकड्यासाठी तुम्हाला नेहमीच्या दिवाणी कोर्टातच जावं लागंल. मला हे अजिबात पटत नाही, रॉकेट वाढायच्या आधी हा कायदा व्हायलाच पाहिजे.

अजून एक गुंता आहे. १९७२ च्या करारात जबाबदार देश म्हणजे उपग्रह सोडणारा, दुसऱ्याकडून सोडवून घेणारा किंवा ज्याची जमीन-तळ वापरला तो. आता कंपनीनं वर फिरणारा उपग्रह दुसऱ्या देशातल्या कंपनीला विकला तर नवा मालक देश या व्याख्येत बसतच नाही, जुनाच अडकून राहतो. करार लिहिले तेव्हा असल्या खरेदी-विक्रीचा कुणी विचारच केला नव्हता, म्हणून जाणकारांत यावर वाद चालू आहेत.

तसं काही पडलंच तर हात लावू नका, टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. आधी पोलिसांना अन् तलाठ्याला कळवा, फोटो काढा, नुकसानीचा पंचनामा त्याच दिवशी करून घ्या अन् त्याची कॉपी स्वतःजवळ ठेवा.