कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण न वाटणं हा आजार आहे का? यावर खरंच संशोधन झालंय का?

तुम्ही लिहिलंय की वय २९ आहे, आजवर मुलगा-मुलगी कुणाबद्दलच तसलं काही वाटलं नाही, घरात स्थळं बघणं सुरू झालंय आणि मैत्रीण म्हणते, "हार्मोन्स तपासून घे." मी डॉक्टर नाही. पण मीही तुमच्यासारखीच आहे. बत्तिसाव्या वर्षी हाच प्रश्न घेऊन रात्ररात्र जागले होते, तेव्हापासून या विषयावरचे शोधनिबंध मिळतील तसे वाचत आले आहे.

अशा माणसांना 'अलैंगिक' म्हणतात. त्यांच्यावर संशोधन झालंय, पण फार उशिरा. अमेरिकेत लैंगिकतेचे अभ्यासक आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ साली माणसांचा लैंगिक कल मोजायला ० (पूर्ण भिन्नलिंगी) ते ६ (पूर्ण समलिंगी) अशी पट्टी केली. ज्यांच्याकडे नोंदवण्यासारखं काहीच नव्हतं, त्यांना 'एक्स' नावाच्या वेगळ्या रकान्यात टाकलं. त्या रकान्यात कोण माणसं आहेत, हे पुढची पन्नासेक वर्षं फारसं कुणी विचारलंच नाही.

विचारलं ते कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठाच्या अँथनी बोगार्ट यांनी, २००४ मध्ये. ब्रिटनमध्ये १९९०-९१ साली, एड्सच्या भीतीच्या काळात, १८ हजारांहून जास्त लोकांची पाहणी झाली होती. तिची आकडेवारी त्यांनी तपासली. त्यात 'मला कधीही कुणाबद्दलही लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही' असा एक पर्याय होता आणि तो १९५ जणांनी निवडला होता. म्हणजे साधारण १ टक्का. 'शंभरात एक' हे जे सगळीकडे वाचायला मिळतं ते इथून आलंय. मी मात्र तो आकडा छातीठोकपणे सांगत नाही. ब्रिटनमध्येच २०००-०१ साली १६ ते ४४ वयाच्या लोकांत तसंच विचारलं, तेव्हा प्रमाण ०.४ टक्के निघालं. शिवाय ज्यांना या विषयात रसच नाही, ते असल्या पाहणीला नकार देण्याचीही शक्यता जास्त.

आता तुमचा खरा प्रश्न: शरीरात काही बिघाड आहे का? लोरी ब्रोटो आणि मोरॅग यूल या कॅनडातल्या संशोधक. त्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला आजही सगळ्यात जवळचा वाटतो. वेगवेगळ्या लैंगिक कलाच्या ३८ स्त्रियांना कामुक चित्रफीत दाखवली आणि त्या वेळी जननेंद्रियातला रक्तप्रवाह यंत्राने मोजला. अलैंगिक स्त्रियांचं शरीर इतरांसारखाच प्रतिसाद देत होतं. मनातली कामुक भावना मात्र इतरांइतकी वाढली नाही. त्यात अलैंगिक स्त्रिया सातच होत्या, त्यामुळे यावर मोठा इमला उभारू नये. पण 'तुझ्यात काहीतरी कमी आहे' हे वर्षानुवर्षं ऐकलेल्या माणसाला तो निकाल वाचताना काय वाटतं, ते मला माहीत आहे. मी ते पान वाचून रडले होते.

अलैंगिकतेचा डावखुरेपणाशी किंवा बोटांच्या लांबीशी संबंध आहे का, यावरही अभ्यास झालेत. त्यावरून स्वतःची परीक्षा करू नका.

आजार म्हणाल, तर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. तिच्यात स्पष्ट लिहिलंय की कामेच्छा आयुष्यभर नसेल आणि ती व्यक्ती स्वतःला अलैंगिक मानत असेल, तर कामेच्छेच्या विकाराचं निदान करू नये. एरवीही ते निदान करायला त्या व्यक्तीला स्वतःला त्याचा मोठा त्रास होत असावा लागतो. लोक काय म्हणतील याचा त्रास वेगळा. मला तो त्रास भरपूर झाला, पण औषधाने जाणारा नव्हता.

मैत्रिणीचं एक मात्र ऐका, ते एका वेगळ्या परिस्थितीत लागू आहे. आधी इच्छा होती आणि आता गेली असेल, तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स तपासा, नैराश्यावरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. पहिल्यापासूनच असं असेल, तर तेही त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा. मी सांगितलं नव्हतं आणि दोन वर्षं नको ती टॉनिकं घेतली.

राहिलं लग्न. ब्रिटनच्या त्या दुसऱ्या पाहणीत असं उत्तर देणारे ७९ जण होते, त्यातले १७ विवाहित होते आणि १९ जणांना मुलं होती. म्हणजे लग्न करणारेही आहेत, न करणारेही. मी केलं नाही. तुम्ही करायचं ठरवलंत, तर होकार कळवण्याआधी त्या माणसाशी एकदा घरच्यांशिवाय भेटा आणि मला लिहिलंत तसंच त्यालाही सांगा.