नदीवरच्या केबल-स्टेड पुलाची एक केबल तुटली, तर पूल पडतो का?

तुम्ही विचारलंय की, एक्सप्रेसवेवरून जाताना त्या तिरप्या केबल बघून धास्ती वाटते, एखादी तुटली तर गाडीसकट नदीतच ना? मी अशा, म्हणजे उंच मनोऱ्यांपासून आलेल्या तिरप्या केबल रस्ता तोलून धरतात त्या, पुलांच्या केबल तपासण्याचं काम करतो. आजच्या पद्धतीने बांधलेला पूल एक केबल गेल्याने पडत नाही. ती अचानक तुटली तरी शेजारच्या केबल आणि खालचा डेक (गाड्या चालतात तो भाग) मिळून तिचा भार पेलतील, हे डिझाइन करतानाच बघितलेलं असतं. पुढेमागे केबल बदलावी लागेल, हेही तेव्हाच धरलेलं असतं.

रस्त्यावरून दिसतो तो बहुतेक वेळा नुसता प्लास्टिकचा पाइप. खरी केबल त्याच्या आत. अनेक पुलांत तिथे डझनावारी स्ट्रँड शेजारी शेजारी ताणलेले असतात. एक स्ट्रँड म्हणजे 7 तारांचा पीळ, जेमतेम 15.7 मिलिमीटर जाडीचा, पण तो तुटायला साधारण 28 टनांची ओढ लागते. रोजच्या रहदारीत यातली निम्मीसुद्धा वापरायची नसते.

मग जेनोआत काय झालं, असं तुमच्या मनात येईल. इटलीत पोल्चेवेरा नदीवरचा मोरांडी पूल 14 ऑगस्ट 2018 रोजी कोसळला, 43 माणसं गेली. तो 1967 चा पूल. एकेका मनोऱ्याला मोजून चार केबल, आणि त्याही काँक्रीटमध्ये गाडलेल्या. आतलं पोलाद गंजत गेलं, बाहेरून कुणाला दिसलं नाही आणि भार घ्यायला शेजारी दुसरी केबलच नव्हती. याउलट चीनमध्ये यांगत्सेवरचा सुतोंग पूल बघा, 2008 सालचा. मुख्य गाळा 1088 मीटरचा, पण केबल 272.

म्हणून मला तुटण्यापेक्षा पाण्याची भीती जास्त वाटते. पाऊस आणि वारा एकत्र आले की पाइपवरून पाण्याची बारीक धार उतरते, तिच्यामुळे पाइपचा आकार वाऱ्याला वेगळा लागतो आणि केबल जोरात हलू लागते. 1980 च्या दशकात जपानमध्ये मेइको-निशी पुलाचं बांधकाम चालू असताना हे नीट लक्षात आलं. ती धार मोडण्यासाठी आता पाइपभोवती मळसूत्रासारखी वर चढत जाणारी बारीक कड ठेवतात. (गाडीत मागे बसला असाल तर नक्की बघा, जवळून दिसते.)

दुसरी जागा म्हणजे केबलचं खालचं टोक, डेकमध्ये शिरतं तिथलं. वरून ओघळलेलं सगळं पाणी तिथेच येतं. तिथली टोपी उघडली की मी आधी आत गंज लागू नये म्हणून भरलेल्या मेणाला बोट लावतो. बोट स्वच्छ निघालं तर पुढच्या केबलकडे वळायचं. तांबूस निघालं, तर त्या दिवशी दुसरं काही करायचं नाही. पाणी कुठून शिरलं ते सापडेपर्यंत मी तिथून हलत नाही.